पहाटेची पोती, दुपारचं जेवण

*ताई, आम्ही सोलापूरला विडी घरकुलात राहतो. आमचे मालक मार्केट यार्डात कांद्याची हमाली करतात, वय एक्केचाळीस. पहाटे चारला चहा-खारी खाऊन जातात, मधे एखादा वडापाव होतो, एकला घरी येऊन जेवतात. दोन वर्षांत वजन साठावरून चौपन्नवर आलंय. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन खाली बसले. ताकद यावी म्हणून महिन्यातून दोनदा चारशे-चारशे देऊन सलाईन लावून घेतात. आता टोळीतल्या एकानं चौदाशेचा प्रोटीन पावडरचा डबा सांगितलाय. सासूबाई म्हणतात, बदाम घाल. मी घरी विड्या करते, मजुरीत हे बसत नाही. काय घेऊ? पोरगं अकरा वर्षांचं, तेही बारकंच आहे. माझं काय, उरलंसुरलं खाऊन भागतं.*

*— एक भगिनी, सोलापूर*

ताई, तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर आधी देते. डबा घेऊ नका, बदामही नकोत. आणि सलाईनला जाणारे महिन्याचे आठशे रुपये यापुढे घरातच ठेवा. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

सलाईनचं तेवढं नीट समजून घ्या, कारण मालकांना तुम्हालाच समजवायचं आहे. बाटली अर्ध्या लिटरची असते. साधं सलाईन असेल तर त्यात पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, दुसरं काही नाही. ग्लुकोजचं असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यातून शंभरेक कॅलरी मिळतात. तुम्ही थापता ती मध्यम भाकरी एकटीच सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी देते आणि वर सात ग्रॅम प्रोटीन. बाटलीत जीवनसत्त्वाचं पिवळं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं दिसतं आणि माणसाचा विश्वास बसतो, एवढंच. लावल्यावर तरतरी येते हे मात्र खरं आहे. घामानं सुकलेल्या अंगात मीठ-पाणी गेलं आणि तासभर आडवं पडायला मिळालं, की कुणालाही बरं वाटेल. पण तेच मीठ-पाणी तोंडानं पिता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. उलट्या-जुलाबानं माणूस गळून गेला, उष्माघात झाला, अशा वेळी सलाईन जीव वाचवतं. स्वतःच्या पायानं चालत आलेल्या माणसाला ताकदीसाठी बाटली लावणं हा उपचार नाही, आणि जे लावतात त्यांनाही हे ठाऊक असतं. मला याचा राग येतो, कारण ते पैसे हमालाच्या पाठीवरून उतरलेले असतात.

मालकांच्या थकव्याचं मोठं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. पहाटे चारला चहा-खारी, आणि जेवण एकला. मधल्या आठ-नऊ तासांत पन्नास-पन्नास किलोची पोती गाडीतून उतरवायची, थप्पी मारायची, पुन्हा भरायची. दिवसातलं सगळं जड काम संपतं आणि मग ताट पुढे येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे आकडे ठरवले, त्यात ६५ किलोच्या, बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात असं म्हटलंय. तोच माणूस अंगमेहनतीचं जड काम करत असेल तर ३४७०. मालकांचं वजन कमी आहे म्हणून त्यांना थोडं कमी पुरेल, पण तीन हजारांच्या फार खाली जाऊन चालणार नाही. चहा, चार खारी आणि एक वडापाव मिळून सातशेच्या आसपास होतात, आणि त्यातलं बरंच मैदा, तेल आणि साखर. उरलेलं अंग आपल्या साठ्यातून काढतं. आधी चरबी जाते, मग स्नायू झिजतात. उतरलेल्या सहा किलोंत हा हिशेब बराचसा असणार.

बराचसा म्हणते, सगळा नाही. ताकदीचं औषध शोधण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. चाळिशीतल्या माणसाचं वजन विनाकारण उतरत असेल तर साखर तपासलीच पाहिजे. तहान जास्त लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, ते विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात. बीपी आणि हिमोग्लोबिनही बघा. तुमच्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्रात हे होईल, नाहीतर सिव्हिलला केसपेपर काढा. आणि ओझं उचलताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर त्या दिवशी पोतं तिथंच सोडून थेट सिव्हिल गाठायचं. तिथं घरगुती उपाय चालत नाही.

आता खाण्याचं. पहाटे घास उतरत नाही असं बहुतेक हमाल सांगतात, आणि ते खरंही आहे. साडेतीनला उठलेल्या माणसाच्या गळी भाकरी उतरवायचा हट्ट करू नका. त्या वेळी प्यायला द्या. आपल्याकडचं हुलग्याचं माडगं यासाठीच चांगलं आहे. हुलगे भाजून दळून ठेवलेलं पीठ दोन मुठी, गूळ, पाणी आणि चिमूटभर मीठ, दहा मिनिटांत होतं. हुलगे नसतील तर ज्वारीच्या पिठाची आंबील रात्री भिजत घाला, सकाळी शिजवा, ताक घाला. तेही जमणार नसेल त्या दिवशी मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात घालून द्या. तीस ग्रॅम दाण्यांत दीडशे कॅलरी आणि सात ग्रॅम प्रोटीन असतं, जवळजवळ एका अंड्याइतकं. बदामाचं विचारलंत ना? वजनाला वजन धरलं तर शेंगदाण्यात प्रोटीन बदामापेक्षा कमी नाही, थोडं जास्तच आहे. बदाम वाईट नाहीत, पण त्या पैशात चार-पाच पट शेंगदाणे येतात. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा हे पत्र मुलाला वाचून दाखवायला सांगा. दाणे मात्र निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे, कडू लागणारे दाणे फेकून द्यायचे. ती बुरशी यकृताला घातक असते. स्वस्तात मिळतात म्हणून चटणीला असले फुटके दाणे घेऊ नका.

मग सात-आठच्या सुमारास डबा. हे सगळ्यात महत्त्वाचं. वडापावच्या वेळी डबा उघडला गेला पाहिजे. तुम्ही म्हणाल, पहाटे तीनला उठून मी भाकऱ्या कधी थापू, रात्री अकरापर्यंत विड्या वळून हात दुखतात. थापू नकाच. आपल्याकडे कडक भाकरी आहे, ती कशासाठी? दोन-तीन दिवसांतून एकदा थापा, मंद आचेवर चांगल्या कडक करा, कोरड्या डब्यात ठेवा. गॅसही एकदाच जळतो. डब्यात तीन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, एक कांदा, अर्धं लिंबू आणि मटकीची सुकी उसळ. मटकी आदल्या दिवशी मोड आणून ठेवलेली असली की रात्रीच्या स्वयंपाकात तिची उसळ होते. उन्हाळ्यात रात्रीची रस्स्याची उसळ सकाळी आंबते. म्हणून एप्रिल-मेमध्ये ती कोरडी परता, नाहीतर भाजलेल्या हरभऱ्याची, जवसाची, कारळ्याची चटणी द्या. ज्वारीतलं प्रोटीन एका बाजूनं अपुरं असतं आणि डाळी-कडधान्यं ती उणीव भरून काढतात. म्हणून नुसती चटणी-भाकरी आणि उसळ-भाकरी यांत अंगाला लागण्याचा फरक पडतो. लिंबू विसरू नका. लिंबामुळे ज्वारी-मटकीतलं लोह अंगात जास्त उतरतं.

दिवसभराची बेरीज करून बघू. पाच भाकऱ्या, मूठभर मटकीची उसळ, दोन वेळचे मिळून साठ ग्रॅम शेंगदाणे, वाटीभर तुरीची आमटी आणि एक अंडं. एवढ्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं. त्यांच्या वजनाच्या माणसाला रोज पंचेचाळीस ते पंचावन्न ग्रॅम पुरतं. अंग भरून यायला हवं म्हणून थोडं जास्त धरलं तरी सत्तर पुष्कळ झालं. चौदाशेच्या डब्यानं यात काय भर पडणार? कॅलरी कमी पडत असताना प्रोटीनची पावडर घेतली तर अंग ते प्रोटीनही जळणासाठीच वापरतं. आधी पोटभर खाणं लागतं. यात रेशनचा तांदूळ दोन वाट्या, भाजीचं तेल, गूळ आणि एखादं केळं धरलं की तीन हजारांच्या जवळ पोचता.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगते. तुमच्यासारख्या अनेक घरांत ज्वारी महाग झाली आणि रेशनचा तांदूळ मोफत मिळाला, म्हणून भाकरी कमी होऊन भात वाढलाय. त्यात तुमची चूक नाही. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते घ्या, वापरा. फक्त पांढरा भात आणि पातळ आमटी एवढ्यावर एक वेळ काढू नका. तीन वाटी तांदळाला एक वाटी डाळ किंवा मोडाची मटकी घालून खिचडी करा, वर दाण्याचा कूट घाला. गव्हात किलोमागे शंभर ग्रॅम सोयाबीन घालून दळून आणा, चपातीत कळतही नाही. ज्वारीची भाकरी डब्यासाठी राखून ठेवा, कारण ती पोटात जास्त वेळ टिकते आणि भर कामात भूक लागू देत नाही.

पोटऱ्यांत गोळे येतात ते घामातून मीठ-पाणी जातं म्हणून असावेत. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, त्यात पत्र्याच्या शेडखाली पोती. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा छोटा. अशा दोन बाटल्या कामाच्या वेळात संपल्या पाहिजेत, साधं पाणी वेगळं. ताक परवडत असेल तर मीठ घालून ताक. बीपी वाढलेलं निघालं तर मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारूनच करा, आणि साखर वाढलेली निघाली तर माडग्यातला गूळ, ही साखर आणि खिशातला खडा, तिन्ही बंद. चहा त्यांना बंद करायला सांगू नका, ऐकणार नाहीत. जेवणानंतर तासभर तरी नको, एवढंच सांगा, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

मावा किंवा तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलं नाही. खात असतील तर भूक मरते, आणि भूक मेली की डबा तसाच परत येतो. तुमच्या घराची चूल विड्यांवर चालते, मी याबद्दल तुम्हाला काय सांगणार? पण मावा कमी झाला की जेवण वाढतं, हे त्यांना डबा देतानाच सांगा.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. खरं तर तुम्ही पत्र मालकांसाठी लिहिलंत, पण मी सगळ्यात जास्त वेळ त्या ओळीशी थांबले. उरलंसुरलं खाऊन भागतं, असं लिहिलंय तुम्ही. ताई, भागत नाही. पोषण संस्थेच्याच हिशेबात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. दर महिन्याला रक्त जातं, म्हणून बाईची गरज दीडपट. आणि घरात उसळ, अंडं, पालेभाजी हे लोह देणारं सगळं बाकीच्यांच्या ताटात जातं, तुमच्या वाट्याला रस्सा, भात आणि चहा राहतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. दम लागतो का, जिना चढताना छातीत धडधडतं का, केस गळतात का, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? यातलं एखादंही होत असेल तर मालकांबरोबर तुमचाही केसपेपर काढा. बाईचं हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर ते कमीच. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

मालक आधी जेवतील, मुलगा आधी जेवेल, हे मी एका पत्रानं बदलू शकत नाही. पण वाढण्याची रीत बदला. उसळ आणि भाजी पातेल्यातून वाढू नका. शिजल्या शिजल्या घरातल्या सगळ्यांच्या नावाच्या वाट्या काढा, त्यात तुमचीही एक, आणि तुमची वाटी झाकून बाजूला ठेवा. कुणी दुसऱ्यांदा मागितलं तर पातेल्यात उरलेलं द्यायचं, वाटीला हात लावायचा नाही. सासूबाईंनाही सांगून ठेवा. घरात भांडण न होता एवढंच होऊ शकतं, आणि त्यानं फरक पडतो.

विड्या करताना सुपडं मांडीवरून खाली ठेवल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका. चहासुद्धा नाही. तंबाखूची पूड बोटांना, नखांत, पदराला लागलेली असते, ती घासाबरोबर पोटात जाते आणि कातडीतूनही अंगात शिरते. मळमळ, डोकं जड होणं, भूक न लागणं यात त्याचा वाटा असतो. कणकेला किंवा पिठाला हात लावण्याआधी साबणानं, नखं घासून हात धुवायचे. सुपडं चुलीपासून आणि मुलाच्या अंथरुणापासून लांब ठेवा, घरात एकच खोली असली तरी.

त्या आठशे रुपयांचं आता. आठवड्यातले पाच दिवस तुम्हा तिघांना एकेक अंडं म्हणजे महिन्याला पासष्टच्या आसपास अंडी, साडेचारशे-पाचशे रुपये. उरलेल्यात दीड किलोच्या आसपास शेंगदाणे आणि किलोभर मटकी किंवा हुलगे येतात. भाव खालीवर होतात, तेव्हा दाणे कमी-जास्त करा. घरात माळ असेल, अंडं चालत नसेल, तर तेच पैसे रोजचं पावशेर दूध, ताक आणि सोयाबीनवर घाला. दूध-ताक पूर्ण बंद नको, कारण बी-बारा जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला तिथूनच मिळतं. मटण-मासे खात असाल तर कोंबडीचं काळीज विचारा. ते मटणाच्या मानानं स्वस्त पडतं आणि लोहाला त्याच्या तोडीचं काही नाही. पालेभाजीत तांदूळजा, घोळ, अंबाडी, शेवग्याचा पाला घ्या. शेवगा तर शेजारच्या कुणाच्या दारात असतोच. त्याचा पाला सावलीत वाळवून चुरून ठेवला तर आमटीत आणि धपाट्यांच्या पिठात घालता येतो.

मुलगा बारका आहे म्हणून काळजी करता. त्याला पाच रुपयांचे कुरकुऱ्यांचे पुडे देणं थांबवा, त्याच पाच रुपयांचे फुटाणे किंवा एखादं केळं द्या. शाळेत पोषण आहार मिळत असेल तर तो खातो का विचारा. जंताची गोळी वर्षातून दोनदा शाळेत देतात, ती चुकवू देऊ नका. वजन सहा महिन्यांत अजिबात वाढलं नाही तर त्यालाही दाखवा.

आणखी एक विचार. पुण्यात सत्तरच्या दशकात हमालांसाठी 'कष्टाची भाकर' ही केंद्रं हमाल पंचायतीनं, बाबा आढावांच्या पुढाकारानं सुरू केली. कष्टकऱ्याला त्याच्या कमाईत परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. शिवभोजन थाळी २०२० पासून आली, तिचाही अनेकांना आधार झाला, पण ती दुपारची. तुमच्या मालकांच्या टोळीत दहा-बारा जण असतील. प्रत्येकजण वडापाव-चहावर रोज जे घालवतो, त्यात सकाळी आठला जागेवर भाकरी-उसळ येऊ शकते. सोलापुरात कडक भाकरी करून विकणारे बायकांचे गट आहेतच. तुमच्या घरकुलातल्या चार-पाच बायकांनी मिळून एका टोळीची न्याहारी धरली, तर विड्यांशिवाय दुसरा पैसाही घरात येईल. यार्डात प्यायचं पाणी आणि सावली आहे का, हेही टोळीनं मुकादमामार्फत लावून धरावं. माथाडी कायदा १९६९ पासून आहे, तो हमालांच्या कामाच्या आणि कल्याणाच्या सोयींसाठीच झाला. ही सगळी जबाबदारी तुमच्या एकटीच्या चुलीवर टाकायला माझं मन घेत नाही.

मालक सलाईन सोडायला तयार होणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. पंधरा दिवस मागून घ्या. पंधरा दिवस पहाटे माडगं, आठला डबा, दोन बाटल्या मीठ-साखर-पाणी. तेवढ्यात वजन वाढणार नाही, पण गोळे आणि अंधारी कमी झाली की त्यांचं त्यांनाच कळेल. कांद्याची आवक डिसेंबर-जानेवारीत वाढते, त्याआधी हे अंगवळणी पडलं तर बरं. दरम्यान दोघांच्या तपासण्या करून मला हिमोग्लोबिनचे आणि साखरेचे आकडे लिहून पाठवा. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर शौचाला काळं होईल, घाबरून बंद करू नका. मळमळ झाली तर रात्री जेवणानंतर लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.